खडकी ते खोडद: महाराष्ट्रातील अँटेनांची निवड व चाचणी आणि आजचे औद्योगिक बिनतारी संदेशवहन

गोषवारा

बिनतारी संदेशवहनाची विश्वसनीयता प्रक्षेपकाच्या शक्तीवर अवलंबून असते, असा समज आजही सर्वत्र आढळतो. महाराष्ट्रातील खडकी-दौंड (१९२७), कल्याण (१९६५), आर्वी (१९७१) आणि खोडद (१९९० चे दशक) येथील प्रकल्पांचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. या चारही ठिकाणी अँटेनेची निवड, जागेची निवड आणि ज्ञात संकेताच्या आधारे केलेली चाचणी या तीन गोष्टी निर्णायक ठरल्या. प्रस्तुत निबंधात या परंपरेचा आढावा घेऊन नागपूर परिसरातील औद्योगिक बिनतारी यंत्रणांच्या संदर्भात तिचा अर्थ तपासला आहे. पूर्वी जी चाचणी केवळ मोठ्या संस्थांना शक्य होती, ती आज कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या अँटेनेच्या बाबतीत सामान्य महाविद्यालयाच्या प्रांगणातही शक्य आहे, हे येथे गणिताच्या आधारे दाखविले आहे.

१. प्रस्तावना

हुडकेश्वर हा नागपूरचा दक्षिणेकडील भाग. येथून एका दिशेस उमरेडचा कोळसा पट्टा आहे, तर दुसऱ्या दिशेस मिहान आणि बुटीबोरीची औद्योगिक वसाहत. टाक्यांतील पातळी, वाफेचा दाब, यंत्रांची कंपने आणि वीजवापर यांची नोंद तारेविना नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्रणा आता उद्योगक्षेत्राला नव्या राहिलेल्या नाहीत. अशा ठिकाणी संकेत तुटणे म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. टाकी भरून वाहण्याचा इशारा वेळेवर पोहोचला नाही, तर त्याची किंमत मालाच्या आणि प्रसंगी माणसाच्या रूपाने मोजावी लागते.

तथापि, यंत्रणा खरेदी करताना बहुतेक चर्चा संवेदक, प्रक्षेपक आणि संगणकप्रणाली यांभोवतीच फिरते. अँटेना ही पेटीसोबत मिळणारी किरकोळ वस्तू समजली जाते. संकेत क्षीण झाला की 'पॉवर वाढवा' असा सल्ला दिला जातो. हा सल्ला कितपत योग्य आहे याचे उत्तर इतिहासात शोधता येते आणि तो इतिहास आपल्याच राज्यात घडलेला आहे.

भारतीय पार्श्वभूमीचा विचार करता या इतिहासाचा आरंभ जगदीशचंद्र बोस यांच्यापासून करावा लागतो. १८९५ मध्ये कलकत्ता येथे त्यांनी अतिलघु विद्युतचुंबकीय तरंगांची प्रात्यक्षिके केली. तरंग एका दिशेने सोडण्यासाठी आणि गोळा करण्यासाठी त्यांनी नळीच्या आणि नरसाळ्याच्या आकाराची साधने वापरली. आजच्या हॉर्न अँटेनेचे हे पूर्वरूप होय. तरंग जितका लहान, तितकी त्याला दिशा देणे सोपे, हे तत्त्व त्या प्रयोगांत अनुस्यूत होते. महाराष्ट्रात या तत्त्वाचा व्यापारी पातळीवर उपयोग होण्यास मात्र तीन दशके जावी लागली.

२. खडकी आणि दौंड: शक्तीकडून दिशेकडे

ब्रिटिश साम्राज्याला बिनतारी केंद्रांच्या साखळीने जोडण्याची योजना पहिल्या महायुद्धापूर्वीच आखली गेली होती. १९१३ च्या करारातील केंद्रांत भारताचाही समावेश होता. त्या काळच्या मान्यतेनुसार दूरच्या संदेशवहनासाठी अतिदीर्घ तरंग आणि प्रचंड शक्ती अपरिहार्य होती. १९२६ मध्ये सुरू झालेले इंग्लंडमधील रग्बी केंद्र हे त्या विचाराचे शिखर मानावे लागेल. सुमारे २५० मीटर उंचीचे बारा मनोरे आणि १६ किलोहर्ट्झ, म्हणजे जवळजवळ पावणेएकोणीस किलोमीटर लांबीचा तरंग, असा त्याचा पसारा होता.

एवढ्या दीर्घ तरंगाला दिशा देणे व्यवहारात अशक्यप्राय होते. अँटेनेची दिशात्मकता तिच्या मीटरमधील लांबीवर ठरत नाही. ती लांबी तरंगलांबीच्या किती पट आहे, यावर ठरते. पावणेएकोणीस किलोमीटरच्या तरंगासाठी दहा तरंगलांबी रुंदीची अँटेना उभारावयाची, तर ती नागपूरपासून अमरावतीच्याही पुढे जाईल! याउलट १६ मीटरच्या तरंगासाठी तीच दिशात्मकता १६० मीटरच्या रचनेतून मिळते. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी चार्ल्स फ्रँकलिन यांनी विकसित केलेल्या 'बीम' पद्धतीचे मर्म हेच होते. उभ्या तारांचा पडदा आणि त्यामागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा, अशी तिची रचना होती.

या पद्धतीने भारत आणि ब्रिटन यांच्यातील सेवा सप्टेंबर १९२७ मध्ये सुरू झाली. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आणि ग्रहण केंद्र दौंड येथे होते. दिवसा सुमारे १६ मीटरचा आणि रात्री सुमारे ३४ मीटरचा तरंग वापरला जाई. आयनांबराची स्थिती दिवसरात्र बदलत असल्याने एकच तरंग चोवीस तास उपयोगी पडत नाही, हे अनुभवाने ज्ञात झाले होते.

या प्रकरणातील दोन बाबी विशेष लक्षणीय आहेत. पहिली बाब जागेची. प्रक्षेपण आणि ग्रहण केंद्रांत रेल्वेमार्गाने सुमारे ८० किलोमीटरचे अंतर ठेवण्यात आले. स्वतःच्याच प्रक्षेपकाच्या गोंगाटात सहा-सात हजार किलोमीटरवरून येणारा क्षीण संकेत बुडू नये, हा त्यामागील हेतू होता. दुसरी बाब चाचणीची. ब्रिटिश टपाल खात्याने १९२४ मध्ये मार्कोनी कंपनीशी केलेल्या करारात यंत्रसामग्रीच्या वर्णनावर समाधान मानले नव्हते. भारताच्या मार्गासाठी दिवसाकाठी सरासरी १२ तास, मिनिटाला १०० शब्द या वेगाने, दोन्ही दिशांनी संदेशवहन व्हावे आणि ते सात दिवसांच्या अधिकृत चाचणीत सिद्ध व्हावे, अशी अट होती. विश्वसनीयता हा शब्द येथे प्रथमच मोजता येण्याजोगा झाला. 'संकेत चांगला आहे' असे म्हणणे पुरेसे नाही. किती वेळ, किती वेगाने आणि किती दिवस, हे सांगावे लागते.

पुढे ही सेवा १९४७ मध्ये शासनाकडे आली आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसच्या रूपाने कार्यरत राहिली. १९८६ मध्ये तिचे विदेश संचार निगम लिमिटेड असे रूपांतर झाले.

३. कल्याण, गच्ची आणि आर्वी

स्वातंत्र्योत्तर काळात अँटेनाविषयक ज्ञान तीन वेगवेगळ्या मार्गांनी महाराष्ट्रात रुजले.

पहिला मार्ग संशोधनाचा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांनी १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील पॉट्स हिल येथे काम केले होते. तेथील १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या पुढे भारताला भेट म्हणून मिळाल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यावर स्वरूप आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये कल्याण येथे त्या उभ्या केल्या. त्यांपैकी २४ पूर्व-पश्चिम आणि ८ दक्षिणोत्तर रेषेत होत्या. ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचे निरीक्षण करणारी ही रचना महाराष्ट्राची पहिली रेडिओ दुर्बीण ठरली. लहान अँटेना योग्य अंतरावर मांडून त्यांचे संकेत योग्य रीतीने जोडले, तर मोठ्या अँटेनेची तीक्ष्णता मिळते, हा धडा येथे हाताने काम करून शिकला गेला.

दुसरा मार्ग घरगुती होता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पाठोपाठ इमारतींच्या गच्च्यांवर ॲल्युमिनिअमच्या दांड्यांच्या अँटेना दिसू लागल्या. जपानमध्ये १९२६ च्या सुमारास शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी मांडलेली ही रचना. विशेष म्हणजे उदा यांनी १९५० च्या दशकात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतही काम केले होते. एकाने गच्चीवर अँटेना फिरवायची आणि दुसऱ्याने खालून 'आता आलं', 'पुन्हा गेलं' असे ओरडून सांगायचे, हे दृश्य त्या पिढीच्या स्मरणात आहे. शास्त्रीय परिभाषेत ही ज्ञात प्रक्षेपकाच्या आधारे केलेली दिशात्मक चाचणीच होती. प्रक्षेपकाची शक्ती वाढविणे कोणाच्याच हाती नव्हते. उंची, दिशा आणि जोडणी एवढेच हाती होते आणि बहुतेक वेळा तेवढे पुरत असे.

तिसरा मार्ग उपग्रहाचा. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ मध्ये विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. त्याची तबकडी सुमारे ३० मीटर व्यासाची होती. उपग्रहावर प्रक्षेपणासाठी उपलब्ध असलेली शक्ती तेव्हा अतिशय तुटपुंजी होती. ती उणीव भूमीवरील अँटेनेने भरून काढावयाची होती. उपग्रहाकडून येणारा सुमारे ४ गिगाहर्ट्झचा तरंग ७.५ सेंटिमीटर लांबीचा असतो. म्हणून ३० मीटरच्या तबकडीचा पृष्ठभाग काही मिलिमीटरनेही बिघडला तरी लाभ घटतो. आकार प्रचंड आणि अचूकता मात्र सूक्ष्म, अशी ही दुहेरी कसोटी होती.

४. खोडद: जाळीची अँटेना आणि ताऱ्यांची मोजपट्टी

आर्वीपासून फार दूर नसलेल्या खोडद परिसरात १९९० च्या दशकात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी, उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती चौरसात आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर आहेत. त्यांचा विस्तार सुमारे २५ किलोमीटर आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या या प्रकल्पात अँटेनेची निवड हाच कळीचा प्रश्न होता. ४५ मीटरच्या ३० घन पत्र्याच्या तबकड्या भारताला परवडणाऱ्या नव्हत्या. शिवाय वाऱ्याचा दाब पेलण्यासाठी पोलादही अवाढव्य लागले असते.

स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा साधा आणि मूलगामी होता. दोऱ्यांसारख्या ताणलेल्या पोलादी तारांच्या सांगाड्यावर ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टील तारेची जाळी बसविण्यात आली. जाळीची छिद्रे तबकडीच्या मध्यभागी १० मिलिमीटर आणि कडेला २० मिलिमीटरपर्यंत आहेत. दुर्बिणीचा सर्वांत लहान कार्यतरंग सुमारे २१ सेंटिमीटरचा असल्याने कडेचे छिद्रही तरंगलांबीच्या दशांशाएवढेच राहते. तरंगाला ती जाळी जवळजवळ सलग पत्र्यासारखी भासते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो. गरजेपेक्षा अधिक चांगली अँटेना न निवडणे हीसुद्धा निवडच असते. हीच जाळी आर्वीच्या ७.५ सेंटिमीटर तरंगासाठी अपुरी ठरली असती.

जागेच्या निवडीतही असाच विवेक होता. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी, पुण्यासारखे औद्योगिक आणि शैक्षणिक केंद्र आवाक्यात आणि आयनांबराचा त्रास मर्यादित राहील असे अक्षांश, या बाबींचा एकत्र विचार झाला. ही शांतता टिकविणे मात्र निवडीहून कठीण आहे. वीजवाहिन्यांवरील ठिणग्या, भ्रमणध्वनीचे मनोरे आणि नवे उद्योग यांच्याशी दुर्बिणीला सतत सामना करावा लागतो. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची मूळ आखणी दुर्बिणीच्या परिसरातून जात असल्याने आक्षेप घेण्यात आला आणि ती आखणी बदलण्याचा प्रश्न उभा राहिला, हे अलीकडचे उदाहरण होय.

अँटेनेचा खरा लाभ मोजावयाचा तर ज्ञात स्रोत तिच्यापासून पुरेशा अंतरावर हवा. हे किमान अंतर व्यासाच्या वर्गाची दुप्पट करून तिला तरंगलांबीने भागले असता मिळते. ४५ मीटर व्यास आणि २१ सेंटिमीटर तरंग यांसाठी ते सुमारे १९ किलोमीटर येते. इतक्या दूर आणि पुरेशा उंचीवर चाचणी-प्रक्षेपक ठेवणे व्यवहार्य नाही. त्यामुळे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ आकाशातील ज्ञात तेजस्वी स्रोतांचाच मोजपट्टी म्हणून उपयोग करतात. निरीक्षणाच्या आधी, मध्ये आणि शेवटी अँटेना अशा स्रोताकडे वळवून तपासली जाते. चाचणी हा उद्घाटनापूर्वीचा एकवेळचा विधी राहत नाही. ती नित्यकर्म होते.

या शिस्तीचे फळ १९ ऑक्टोबर २०१६ रोजी जगाने पाहिले. युरोपचे शियापरेली यान मंगळावर उतरत असताना, सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून आलेला त्याचा अवघ्या काही वॅटचा ४०१ मेगाहर्ट्झजवळील संकेत जीएमआरटीने टिपला. यान सुखरूप उतरू शकले नाही. संकेत कोठपर्यंत येत होता, हे मात्र खोडदच्या नोंदीतून कळले.

५. नागपूरचा प्रतिपाठ

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल आणि त्याला आधारही नागपुरातच आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तेव्हा देशाच्या मध्यभागी असलेल्या नागपूरजवळचा १००० किलोवॅटचा मध्यमलहरी प्रक्षेपक तिचा प्रमुख आधार होता. १५६६ किलोहर्ट्झवरील हा आवाज रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरदूरच्या प्रांतांत पोहोचत असे. येथे शक्तीनेच काम केले, असे म्हणता येईल.

ते खरे आहे. परंतु त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. या वाहिनीचा श्रोता कोठे आहे हे ठाऊक नव्हते. तो सर्व दिशांना विखुरलेला होता आणि त्याच्या हातातील लहान संचाची अँटेना निवडण्याचा अधिकार प्रसारकाला नव्हता. दोन टोकांपैकी एकच टोक हाती असेल, तर शक्तीवाचून पर्याय नसतो. २०१८ च्या अखेरीस ही वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. कारखान्याची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेथे दोन्ही टोके आपल्या हाती असतात, त्यांमधील अंतर ठाऊक असते आणि दोन्ही अँटेना आपणच निवडतो. म्हणजे कारखान्याचे नाते नागपूरच्या महाप्रक्षेपकाशी नसून खडकीशी आहे.

६. कारखान्यातील अँटेना

कायदाही आपल्याला याच निष्कर्षाकडे नेतो. भारतात २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्ती उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. त्यात प्रक्षेपकाची शक्ती १ वॅटपर्यंत आणि अँटेनेच्या लाभासह होणारे परिणामी प्रारण ४ वॅटपर्यंत मर्यादित ठेवले आहे. औद्योगिक मापनासाठीचे वायरलेस-हार्ट हे मानक २००७ मध्ये आले आणि ते २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालते. 'पॉवर वाढवा' या सल्ल्याला त्यामुळे कायद्याचेच छत आहे. ग्रहण करणाऱ्या अँटेनेच्या लाभावर मात्र अशी मर्यादा नाही. शिवाय दिशात्मक ग्राही अँटेना इष्ट संकेत वाढविते आणि इतर दिशांचा गोंगाट वगळते. प्रक्षेपकाची शक्ती वाढवून हा दुसरा फायदा मिळत नाही.

पट्ट्याची निवडही डोळसपणे करावी लागते. हॅराल्ड फ्रिस यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, दोन्ही टोकांच्या अँटेनांचा लाभ सारखा धरल्यास, मोकळ्या जागेत १ किलोमीटर अंतरावर २.४ गिगाहर्ट्झची हानी सुमारे १०० डेसिबेल, तर ८६६ मेगाहर्ट्झची सुमारे ९१ डेसिबेल येते. म्हणजे खालच्या पट्ट्यात जवळजवळ आठपट संकेत मिळतो. मात्र फ्रेनेल क्षेत्राची मध्यावरील त्रिज्या पहिल्या पट्ट्यात सुमारे ५.६ मीटर, तर दुसऱ्यात ९.३ मीटर असते. दोन अँटेना एकमेकींना 'दिसतात' एवढे पुरत नाही. मधल्या पट्ट्यातील शेडचे पत्रे, कोळशाचे ढीग आणि क्रेन यांचाही हिशेब करावा लागतो.

चाचणीबाबत एक गैरसमज विशेष रूढ आहे. स्थायी-तरंग गुणोत्तर, म्हणजे तंत्रज्ञांच्या बोलीतील व्हीएसडब्ल्यूआर, चांगले आले की अँटेना चांगली, असे मानले जाते. हे गुणोत्तर १.५ असता सुमारे ४ टक्के आणि २ असता सुमारे ११ टक्के शक्ती परत फिरते, एवढेच त्यातून कळते. प्रारण न करता सर्व शक्ती उष्णतेत जिरविणाऱ्या निव्वळ रोधकाचे गुणोत्तर जवळजवळ आदर्श येते आणि तो अँटेना मुळीच नसतो. पातळ, लांब आणि शक्ती खाणाऱ्या केबलमधून मोजल्यास बिघडलेली अँटेनाही उत्तम भासते. म्हणून लाभ आणि दिशात्मक आकृती स्वतंत्रपणे मोजणे आवश्यक ठरते.

येथेच महाविद्यालयांचा प्रश्न येतो. खोडदसाठी १९ किलोमीटर ठरलेले चाचणी-अंतर ३० सेंटिमीटरच्या आणि २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या अँटेनेसाठी त्याच सूत्राने दीड मीटरहूनही कमी येते. चार-पाच मीटर अंतर, भूमीवरील परावर्तन टाळण्यासाठी पुरेशी उंची, ज्ञात लाभाचा एक अर्धतरंग द्विध्रुव, अंशांकित चकती आणि संकेताची पातळी दाखविणारे साधन एवढ्या सामग्रीवर विद्यार्थी अँटेनेची दिशात्मक आकृती काढू शकतात. आधी ज्ञात अँटेनेने आणि नंतर तिच्याच जागी चाचणीच्या अँटेनेने मोजल्यास लाभातील फरक थेट मिळतो. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांकडून जे काम करून घेतात, तेच येथे एक साधा द्विध्रुव करतो.

प्रांगणातील चाचणीनंतर प्रत्यक्ष जागेवरील चाचणी अटळ आहे. लोखंडी शेडमध्ये संकेत अनेक मार्गांनी परावर्तित होऊन येतो आणि काही सेंटिमीटरच्या फरकाने तो बळकट किंवा लुप्त होतो. अशा स्थितीत सरासरी पातळी आणि ग्राहीची किमान गरज यांत २० डेसिबेलचे राखीव अंतर ठेवल्यास, रेले वितरणाच्या गृहीतकानुसार, संकेत सुमारे ९९ टक्के वेळ पुरेसा राहतो. पण ९९ टक्के म्हणजे दिवसाकाठी सुमारे चौदा मिनिटांची अनुपस्थिती, हेही विसरता येत नाही. इशाऱ्याच्या संकेतासाठी ती परवडणार नसेल, तर दुसरी अँटेना किंवा दुसरा मार्ग योजावा लागतो. ही मोजणी क्रेन चालू असताना, सर्व पाळ्यांत आणि सलग काही दिवस झाली पाहिजे. १९२४ च्या करारातील सात दिवसांची अट आजही कालबाह्य झालेली नाही. विदर्भाचा कडक उन्हाळा, पावसाळी ओल आणि कोळशाची धूळ यांनी जोडण्या खराब होत असल्याने ऋतुमानानुसार फेरतपासणीही हवी.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. ज्या संदेशवहनात दोन्ही टोके ज्ञात असतात, तेथे विश्वसनीयता मुख्यतः अँटेना, जागा आणि चाचणी यांतून येते, शक्तीतून नव्हे. योग्य अँटेना म्हणजे सर्वांत महागडी अँटेना नव्हे. तरंगलांबी, परिसर आणि प्रयोजन यांना पुरेशी असणारी अँटेना योग्य होय, हे खोडदच्या जाळीने दाखवून दिले आहे. विश्वसनीयता हा अभिप्राय नसून वेळ, वेग आणि कालावधी यांत सांगावयाचे माप आहे, हे खडकी-दौंडच्या करारातून दिसते.

पदवीच्या वर्गात अँटेनेचे सिद्धान्त सूत्रांच्या रूपाने शिकविले जातात. आसपासच्या कारखान्यांत अँटेना माहितीपत्रकातील एका आकड्यावरून खरेदी केल्या जातात. या दोहोंमधील पोकळी भरून काढण्यास मोठा निधी लागत नाही. भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी प्रांगणातील चाचणी-जागा उभारून परिसरातील उद्योगांच्या अँटेना विद्यार्थ्यांकरवी तपासून दिल्यास उद्योगाला विश्वसनीय संकेत आणि विद्यार्थ्याला प्रत्यक्ष मोजमापाचा अनुभव मिळेल. कल्याणला भेट मिळालेल्या ३२ लहान तबकड्यांवर काम केलेल्यांच्याच नेतृत्वाखाली पुढे खोडद उभे राहिले, हे ध्यानात घेता अशा लहान आरंभाचे मोल कमी लेखता येणार नाही.